बाद झाल्यानंतर निवडलेला खेळ

गेल्या महिन्यात एका सामन्यातून मला बाद करण्यात आले. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनच्या, म्हणजे येथे अमेरिकेत सगळे ज्याला यूएसपीएसए म्हणतात त्या, धावत-फिरत पिस्तुलाने नेम मारण्याच्या प्रकारचा, माझा तो दुसराच स्थानिक सामना होता. उजवीकडून डावीकडे धावत असताना मी पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला घेतले, आणि पिस्तूल उजव्या हातात धरणाऱ्याकडून अशा वेळी हमखास होणारी चूक माझ्याकडून झाली. शरीर धावण्याच्या दिशेला वळले, मॅगझिन घालण्यासाठी मनगट वळले आणि नळीचे तोंड क्षणभर मागच्या बाजूला गेले. नेमबाजाच्या दोन्ही बाजूंना सरळ जाणारी एक काल्पनिक रेघ असते, तिला १८० अंशांची मर्यादा म्हणतात. नळी त्या रेघेच्या मागे गेली की सामना तेथेच संपतो. नेमबाजावर लक्ष ठेवणारे पंच, म्हणजे रेंज ऑफिसर, ‘स्टॉप’ म्हणाले, पिस्तूल रिकामे करून घेतले आणि बाजूला नेऊन, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, काय घडले ते समजावून सांगितले.

माझे बोट चापावर नव्हते, गोळी सुटली नव्हती, कोणाला इजा झाली नव्हती. आपल्याकडे ‘नवीन आहे, एक वेळ जाऊ द्या’ असे म्हणणारा कोणीतरी नक्की पुढे आला असता, असे मला त्या क्षणी वाटले. येथे कोणीही पुढे आले नाही, आणि घरी परतताना मला त्याबद्दल राग नव्हता, आदर होता. राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूलाही हाच नियम लागू होतो आणि तोही असाच बाद होतो. अर्थात, शिस्त अमेरिकेतच आहे असे मी म्हणणार नाही. ज्या व्यवस्थेतून राही सरनोबत घडल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकून आल्या, तिला शिस्त कोणी शिकवण्याची गरज नाही. फरक इतकाच की तेथे नेमबाज एका जागी उभा असतो आणि येथे तो भरलेले पिस्तूल घेऊन धावत असतो.

येथे येऊन अनेक वर्षे झाली तरी मी हा खेळ आत्ताच का सुरू केला, असे काही जणांनी विचारले आहे. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, येथील केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणे हेही बाळगण्यातच मोडते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण दूर झाली. येथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आणि मित्रांच्या आग्रहाखातर सहज रेंजवर जाणाऱ्या तरुणांनी हे मनावर घ्यावे, कारण ही चूक नकळत झाली तरी महागात पडू शकते.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणते पिस्तूल घेऊ?’ हा. मीही तोच विचारला होता, आणि तो चुकीचा होता. आधी खेळ निवडावा लागतो. पिस्तूल, होल्स्टर (पिस्तूल अडकवायची कमरेची म्यान) आणि मॅगझिनची संख्या त्यावरून ठरते. आपल्या डोळ्यांसमोर असतो तो १० मीटर एअर पिस्तुलाचा प्रकार. ७५ मिनिटांत ६० गोळ्या, एक हात, आणि साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ. त्याच्या जवळचा येथील जुना प्रकार म्हणजे बुल्सआय. तोही एका हाताने, ५० आणि २५ यार्डांवरून खेळतात. ओहायोतील कॅम्प पेरी येथे राष्ट्रीय सामने १९०७ पासून भरत आले आहेत. तो फार सुंदर खेळ आहे, परंतु मला हालचाल हवी होती.

यूएसपीएसएकडे मी ओढली गेले ती गुणांच्या हिशेबामुळे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे आणि जो भागाकार येईल त्याला हिट फॅक्टर म्हणायचे. समजा, एका स्टेजमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका टप्प्यात, १२ गोळ्या आहेत आणि प्रत्येकीचे कमाल ५ गुण आहेत. एकाने सर्व गोळ्या मधल्या ‘ए’ भागात मारून ६० गुण मिळवले आणि १५ सेकंद घेतले, तर त्याचा हिट फॅक्टर ४ होतो. दुसऱ्याच्या चार गोळ्या ‘सी’ भागात गेल्या, साध्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने तेथे ३ गुण मिळतात, म्हणून त्याचे ५२ गुण झाले. परंतु त्याने १२ सेकंदच घेतले, तर त्याचा हिट फॅक्टर ४.३३ होतो आणि तो पुढे जातो. मात्र एखादी गोळी टार्गेटवर लागली नाही, तर तिचे गुण जातातच आणि वर १० गुण वजा होतात. कोठे घाई करावी आणि कोठे थांबावे, हा निर्णय प्रत्येकाने स्वतः घ्यायचा असतो. स्टेज सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे सगळे रिकाम्या हातांनी हवेत नेम धरत फिरतात, पावले मोजतात, मॅगझिन कोठे बदलायचे ते पाठ करतात. ते दृश्य मला अतिशय आवडते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. येथे टार्गेटवरची भोके बुजवायला नोकर नसतात. एकाचा डाव संपला, ‘रेंज इज क्लिअर’ असा पुकारा झाला, की उरलेले सगळे चिकटपट्ट्या घेऊन पुढे जातात. वरच्या श्रेणीचा खेळाडू, निवृत्त डॉक्टर, ट्रकचालक आणि मी, सगळे सारखेच काम करतो. बाद झाल्यावरही मी थांबले आणि दिवसभर पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या वेळी नक्की यायचे, असे त्यांपैकी तिघांनी आवर्जून सांगितले.

आयडीपीए (इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन) हा १९९६ साली सुरू झालेला प्रकार मी निवडला नाही. तेथे पिस्तूल कपड्याखाली झाकलेले असते, आडोशामागून नेम धरायचा असतो, एका स्टेजला जास्तीत जास्त १८ गोळ्या असतात आणि हुकलेल्या प्रत्येक गुणाला एक सेकंद वाढतो. नवख्यासाठी हा हिशेब सोपा आहे. परंतु त्याचा पाया स्वसंरक्षणाच्या कल्पित प्रसंगांवर आहे, आणि माझे मन त्यात रमत नाही. ‘अगं, तुला बंदूक कशाला हवी?’ असे आईने फोनवर विचारले होते. येथील गोळीबाराच्या बातम्या तीही वाचते, तिची भीती खरी आहे. मी तिला म्हटले की मला घड्याळाशी आणि स्वतःच्या हाताशी झुंजायचे आहे, कोणा माणसाशी नाही. तिला ते पटले असे वाटत नाही, पण मला ते पटलेले आहे.

म्हणून सध्या मी स्टील चॅलेंज खेळते. पाच पोलादी तबकड्या असतात, त्यांपैकी ठरलेली एक शेवटी मारली की वेळ थांबते. एकेक स्टेज पाच वेळा खेळायची आणि सर्वांत वाईट वेळ सोडून चार धरायच्या. ‘आउटर लिमिट्स’ ही स्टेज मात्र चार वेळाच खेळायची आणि तीन वेळा धरायच्या; ती एक सोडली तर धावणे नाहीच. पॉइंट टू-टूचे, म्हणजे लहान गोळीचे, पिस्तूल असेल तर होल्स्टरही लागत नाही. नळी समोरच्या खुणेकडे रोखून सुरुवात होते. गोळ्या स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, आणि तबकडी लागली की टणत्कार लगेच ऐकू येतो. आठ स्टेज सर्वत्र त्याच मापाच्या असल्यामुळे माझी आजची वेळ मला देशातील कोणाच्याही वेळेशी ताडून पाहता येते. काही मित्र याला पायरी उतरणे म्हणतात. मला तसे वाटत नाही; घाबरलेला हात धावत असताना सुधारत नाही, तो उभ्या जागी सुधारतो.

यूएसपीएसए मी सोडलेले नाही. रोज रात्री गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीला समांतर चिकटवलेल्या पट्टीवरून मी उजवीकडून डावीकडे चालते आणि मॅगझिन बदलताना नळी भिंतीकडेच राहते आहे ना, ते पाहते. पुढच्या महिन्याच्या सामन्यासाठी नाव नोंदवले आहे. त्यात डावीकडची धाव आलीच, तर निघण्यापूर्वी उभ्या जागीच मॅगझिन बदलायचे, मग त्यासाठी दोन सेकंद गेले तरी चालतील, असे ठरवले आहे.