फिल्टरमध्ये बसलेला चोर

ज्या मेलमुळे द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या आबांचे सुमारे २४ हजार युरो गेले, त्या मेलमध्ये लॉटरी नव्हती, धमकी नव्हती, ‘चोवीस तासांत खातं बंद होईल’ असलं काही नव्हतं. ‘रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ अशी सुरुवात, खाली कंटेनर नंबर, बी/एल म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा नंबर, इन्व्हॉइसची तारीख. सगळं बिनचूक. मग एकच ओळ: आमच्या नेहमीच्या खात्याचं मार्च एंडचं ऑडिट चालू आहे, तोवर पेमेंट सोबतच्या खात्यावर पाठवावं. खाली ऑफिसातल्या ताईंचं नाव आणि पॅकहाऊसचा, म्हणजे द्राक्षं पॅक होतात तिथला, पत्ता.

मी पिंपळगाव बसवंतकडच्या पॅकहाऊसमधली आणि छोट्या ऑफिसांमधली कॉम्प्युटरची कामं बघतो. प्रिंटर, नेट, टॅली, कॅमेरे, पडेल ते. २०२४च्या एप्रिलमध्ये एका सोमवारी दुपारी आबांचा फोन आला. “काय रे, आपल्या मेलला काय झालंय बघ बरं. हॉलंडवाला म्हणतो, पैसे नव्या खात्यावर टाकले. आपण कधी काढलं नवं खातं?”

तो सीझन मुळात त्रासाचाच. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यामुळे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जात होते. माल उशिरा पोचणार, मग पेमेंटही उशिरा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. त्यामुळे आठवडाभर पैसे आले नाहीत तरी आबांना त्यात वावगं वाटलं नाही. शिवाय हॉलंडहून मेल येत होते: ‘पेमेंट शेड्यूल झालंय, शुक्रवारी निघेल.’ मग ‘बँकेला सुट्टी होती, आता मंगळवारी.’ तिकडची अकाउंट्सवाली बाई दुसऱ्या कंटेनरचे पैसे सोडण्याआधी सहज व्हॉट्सअॅपवर बोलली म्हणून कळलं. दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे तिकडचे सकाळचे साडेआठ. तिने ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या फोन केला नसता, तर दुसराही कंटेनर गेला होता.

मी पोचलो तेव्हा ताई रडवेल्या होऊन सेंट मेल चाळत होत्या. “दादा, मी असला मेल पाठवलेलाच नाही. बघा ना, सेंटमध्ये आहे का?” नव्हता. आबांचा मुलगा म्हणाला, “मग कोणीतरी आपल्या नावाने खोटा पाठवला असणार. पासवर्ड बदला आणि विषय संपवा.” मी म्हटलं, थांबा, अजून कशालाही हात लावू नका. हॉलंडच्या बाईंना फोन करून सांगितलं की तो मेल फॉरवर्ड नको, डाउनलोड करून पूर्ण फाइल पाठवा, आणि ती आबांच्या मेलवर नको, माझ्या मेलवर.

फाइल आली. मेलच्या पोटात, आपल्याला एरवी न दिसणारी जी माहिती असते ती उघडली. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ म्हटलं की दिसते. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. मेल खोटा नव्हताच, आबांच्या खऱ्या खात्यातूनच गेला होता. या चाचण्या फक्त एवढंच सांगतात की मेल त्या पत्त्याच्या अधिकृत सर्व्हरवरून निघाला. खात्यात कोण बसलंय ते त्यांना काय ठाऊक? गाडी मालकाची, फास्टॅग मालकाचा आणि स्टिअरिंगवर चोर असेल, तर टोलनाक्याचा दांडा वर जाणारच.

मग सेटिंग्ज उघडली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जीमेलचे फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते ठरवणारे नियम, मोबाइल अॅपमध्ये दिसत नाहीत, ते कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्येच बघावे लागतात. आबा सगळं मोबाइलवर बघणारे. ताई कॉम्प्युटरवर असतात, पण सेटिंग्जच्या त्या टॅबवर कोण कशाला जातंय! फिल्टरच्या यादीत एकच ओळ होती. हॉलंडच्या कंपनीच्या डोमेनवरून, म्हणजे मेल पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावावरून, जे काही येईल, ते इनबॉक्सला न दाखवता वाचलेलं म्हणून खूण करून थेट ट्रॅशमध्ये. शेजारच्या फॉरवर्डिंगच्या टॅबमध्ये एक अनोळखी पत्ता, येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे.

ट्रॅश उघडल्यावर ताईंनी कपाळावर हात मारला. तिकडच्या बाईंचे खरे मेल तिथे पडलेले. ‘खातं बदलल्याचं पत्र मिळालं, कृपया कंपनीच्या लेटरहेडवर द्या.’ त्याला आमच्या खात्यातून गेलेलं उत्तर, लेटरहेडसकट. लेटरहेड जुन्या इन्व्हॉइसमधून उचललेलं. ‘पैसे आज पाठवले, पोच द्या.’ त्यावर पोचही गेलेली. ट्रॅशमधला मेल जीमेल तीस दिवसांनी कायमचा पुसतं. त्याआधी पोचलो म्हणून हे सगळं हाती लागलं.

आता प्रश्न: खरे मेल ट्रॅशमध्ये जात होते, तर इनबॉक्समध्ये ‘शुक्रवारी निघेल’ म्हणणारे मेल कुणाचे? नाव त्याच बाईचं, सही तीच, लोगो तोच. डोमेनमध्ये जिथे ‘एम’ हवा तिथे ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी. लहान लिपीत हे दोन्ही चिकटले की ‘एम’च दिसतो. मी स्क्रीनवर मोठं करून दाखवलं तेव्हा कुठे आबांना दिसलं. ते डोमेन नोंदवल्याची तारीख काढली तर जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीची. आपला कंटेनर तेव्हा समुद्रात होता. म्हणजे चोर दोन्ही बाजूंच्या मध्ये बसला होता: हॉलंडशी आबा होऊन बोलायचा आणि आबांशी हॉलंड होऊन.

एका गोष्टीने मात्र मी चाट पडलो. ताई इंग्रजीत ‘रिसीव्ह’ लिहिताना आय आणि ई नेहमी उलटे करतात. चोरानेही मेलमध्ये तसंच केलं होतं. त्याने ताईंचे जुने मेल वाचून त्यांची धाटणी उचलली, चुकीसकट. स्पेलिंगच्या चुका असल्या की मेल खोटा समजा, हा सल्ला बँकांच्या पत्रकांत अजून छापला जातो. इथे हॉलंडच्या बाईला ती चूक दिसली आणि उलट खात्री पटली की मेल आमच्याच ताईंचा. आजकाल निर्दोष इंग्रजी लिहून मिळायला काही लागत नाही. त्या सल्ल्याचे दिवस संपले असं माझं मत आहे.

खरी खूण होती, पण ती पत्रात नव्हती, खाते क्रमांकात होती. नव्या खात्याचा आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, दिला होता, सुरुवातीला ई आणि एस, म्हणजे स्पेन. आयबीएएनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, आणि भारतात आयबीएएन वापरतच नाहीत. आपल्याकडचा निर्यातदार खाते नंबर आणि स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, देतो, आणि त्या कोडातलं पाचवं-सहावं अक्षर आय-एन असतं. पिंपळगावच्या पॅकहाऊसचं ऑडिट चालू आहे म्हणून पैसे स्पेनला? पण युरोपातल्या माणसाला आयबीएएन रोजचाच, त्याला तो खटकला नाही.

चोर शिरला कुठून, हे शोधायला वेळ लागला. ताईंना कसलीच लिंक आठवेना. शेवटी त्यांच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये फेब्रुवारीतली एक फाइल सापडली, नाव बी/एल ड्राफ्ट, पण पीडीएफ नाही, एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं वेब पान. “ही? ही तर आपल्या सीएचएकडून आलेली,” ताई म्हणाल्या. सीएचए म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं करणारा एजंट. त्याचे दिवसाला दहा मेल येतात. नेटची वायर काढून मी ती फाइल उघडली. गुगलच्या लॉगिनसारखं पान आलं, आबांचा मेल पत्ता आधीच भरलेला, फक्त पासवर्ड टाकायचा. मी ताईंना वर अॅड्रेस बार वाचायला सांगितला. त्यांनी वाचलं: फाइल, कोलन, तीन तिरप्या रेघा, सी, युजर्स, डाउनलोड्स. “गुगलचं लॉगिन आपल्याच डाउनलोड्समध्ये कसं असेल हो?” हे त्यांनीच विचारलं, मला काही बोलावं लागलं नाही.

तेव्हा त्यांनी पासवर्ड टाकला होता, पान ‘एरर’ म्हणालं, म्हणून सीएचएला फोन केला. तो म्हणाला, “मी कुठे पाठवलंय? बरं जाऊ द्या, परत पाठवतो,” आणि खरी पीडीएफ पाठवली. काम झालं, दोघंही विसरले. अनोळखी माणसाचे मेल उघडू नका म्हणतात. हा तर रोजच्या ओळखीचा माणूस होता आणि मेलही त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून आलेला.

आबांच्या मुलाला हे लागलं होतं. “आपण खेडवळ म्हणून फसलो,” असं तो सारखं म्हणत होता. त्याला सांगितलं, लिथुएनियाच्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटरच्या नावाने खोटी बिलं पाठवून गुगल आणि फेसबुककडून दहा कोटी डॉलरच्या वर पैसे काढले. त्याला २०१९मध्ये अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. जे मेलचा धंदा करतात ते फसले, तिथे द्राक्षवाल्यांना नावं कशाला ठेवायची?

मग आवरायला घेतलं. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट आणि मूळ मेलच्या फाइली पेन ड्राइव्हवर, कारण ताईंना तो फिल्टर बघवत नव्हता आणि त्या डिलीटवर क्लिक करायच्या बेतात होत्या. पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून न बदलता माझ्या लॅपटॉपवरून बदलला. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट. फिल्टर आणि फॉरवर्डिंग काढलं. रिकव्हरीचा मोबाइल आबांचाच होता, पण रिकव्हरी ईमेल भलताच निघाला. फक्त पासवर्ड बदलून थांबलो असतो, तर फिल्टर तसाच राहिला असता, प्रती तिकडे जातच राहिल्या असत्या आणि चोर निवांत वाचत बसला असता. पासवर्ड बदलला की झालं, असं समजून घरी जाणारे मी फार बघितलेत. शेवटी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, आबांच्या फोनवर चालू केलं. बॅकअप कोड छापून ताईंच्या कपाटात ठेवले. आबांना रोज ओटीपीची कटकट नको होती. “पोरा, माझा अंगठा चालत नाही का?” चालतो म्हटलं, आणि पासकी, म्हणजे फोनवर अंगठा टेकवून लॉगिन करायची सोय, लावून दिली.

मुलाने तोवर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला होता. पैसा इथल्या खात्यातून निघाला असता तर त्या फोनचा मोठा उपयोग झाला असता, कारण बँका साखळीने पुढचं खातं गोठवतात. इथे पैसे निघाले हॉलंडच्या बँकेतून. परत मागवण्याची विनंती त्यांच्याच बँकेने पाठवायची, पोलीस तक्रारही त्यांनी तिकडे द्यायची. आम्ही सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर आमच्या बाजूची तक्रार नोंदवली आणि आयटी कायद्याच्या ६६सी आणि ६६डी कलमांचा उल्लेख केला, म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं आणि कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच्या नावाने फसवणं. स्पेनच्या बँकेचं उत्तर पुढे काही आठवड्यांनी आलं. खात्यात तीन हजार युरोही उरले नव्हते.

उरलेल्याचं काय, यावर बरंच ताणाताणीचं बोलणं झालं. हॉलंडचं म्हणणं, मेल तुमच्याच खात्यातून आला, आम्ही पैसे दिले. आबांचं म्हणणं, दहा वर्षं एका खात्यावर देताय, बदलताना एक फोन करायला काय झालं होतं? दोघांचंही खोटं नव्हतं. त्यात सीए म्हणाले, निर्यातीचे पैसे त्या वेळच्या नियमाने नऊ महिन्यांत आपल्या बँकेत यायला हवेत, नाहीतर ते शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत उघडंच राहणार. पुढच्या सीझनचा माल धरून निम्मं-निम्मं असं ठरलं. माझ्या मते आबांनी घाई केली, थोडं ताणून धरायला हवं होतं, पण गिऱ्हाईक त्यांचं, निर्णय त्यांचा.

त्या सोमवारी संध्याकाळी मी निघताना सीएचएला फोन लावला. तो म्हणाला, “अहो, मला कळलंय कधीच. पासवर्ड बदललाय मी मागच्याच महिन्यात.” मी विचारलं, फिल्टर बघितले का? “ते काय असतं?”

गाडी नाशिककडे वळवली. त्याच्या ऑफिसात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. त्याच्या सेटिंग्जमध्ये तीन फिल्टर निघाले, प्रत्येकात एका निर्यातदाराचं नाव, आणि त्यात आबा नव्हतेच. त्याने तिघांचे नंबर काढले, आम्ही एकेकाला फोन लावायला बसलो. पहिल्यानेच विचारलं, “कंटेनरचं पेमेंट आज येणार होतं, तुम्हाला कसं कळलं?”