दीड एमएल, झोपायच्या आधी

परवा डोकं धुतलं आणि नंतर आडवं न पडता जेवायला बसले, आई नुसती बघतच राहिली. मला क्रॉनिक फटीग आहे, म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा थकव्याचा आजार, आणि त्यासाठी एलडीएन सुरू करून ११ आठवडे झालेत.

एलडीएन म्हणजे लो डोस नाल्ट्रेक्सोन. मूळ गोळी ५० एमजीची, दारू आणि अफूसारखी व्यसनं सोडवायला देतात. मला त्यातलं जेमतेम दीड एमजी, तेही अर्ध्यापासून हळूहळू वाढवत. एवढी छोटी गोळी आमच्या सहकारनगरात कुठल्याच मेडिकलमध्ये मिळेना, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आई ५० एमएल डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक गोळी विरघळवते, तळाशी पांढरा गाळ बसतो म्हणून बाटली नीट हलवते आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजून देते. कडू जहर लागतं. पहिले दहा दिवस तर इतकी स्पष्ट स्वप्नं पडायची की रात्री तीनला दचकून उठायचे.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की क्रॉनिक फटीगवर हे सिद्ध झालेलं औषध नाही, आणि ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर यासोबत अजिबात चालणार नाही. आवडलं मला ते स्पष्ट बोलणं, कारण याआधी एकाने "मनाचे खेळ आहेत, रोज पर्वती चढा" सांगितलं होतं. मी चढलेसुद्धा हो, १०३ पायऱ्या, त्या दिवशी काहीच झालं नाही, दोन दिवसांनी जी पडले ती तीन आठवडे बाथरूमपर्यंत भिंत धरून जात होते. या आजारात दणका असा उशिरा बसतो, हे लोकांना समजावता समजावता जीव जातो.

गुण आला का, सगळे विचारतात. माहीत नाही, खरंच. नॉर्वेत याच आजारावर रिटुक्सिमॅब नावाचं दुसरं औषध देऊन बघितलं, त्याचं काय झालं ते वाचलंय मी. २०११ च्या छोट्या ट्रायलमध्ये औषध घेतलेल्या १५ पैकी १० जणांना बरं वाटलं, जगभरातल्या पेशंटना केवढी आशा लागली, आणि मग १५१ जणांच्या मोठ्या ट्रायलचा निकाल २०१९ मध्ये छापून आला तर औषधवाले २६ टक्के सुधारलेले आणि नुसतं सलाईन मिळालेले ३५ टक्के. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना बरं वाटलंच होतं. हा आजार आपोआप वरखाली होतो, त्यात आशेने पण माणूस चार पावलं जास्त चालतो.

म्हणून वही ठेवलीय. झोप, पावलं, अंघोळ उभ्याने की स्टुलावर बसून. गेल्या महिन्यात उभ्याने ९ वेळा, त्याआधी ४. आई म्हणते डोस वाढवायला सांग गं डॉक्टरांना, मी म्हटलं अजून एक महिना आहे तेवढाच राहू दे, मग वही घेऊन जाऊ.