आट्यांच्या किल्लीचं कुलूप

वाईतल्या एका वाड्यातून आजी आणि त्यांचा नातू टेम्पोत शिसवी पेटारा घालून माझ्या दुकानात आले. किल्ली हरवून दोन पिढ्या झालेल्या. नातू घाईत होता. "दादा, ग्राइंडर लावा, कडी उडवा. आत जमिनीचे कागद आहेत." मी म्हटलं, कडी कापायला दोन मिनिटं लागतात, पण असं कुलूप आता फारसं कोणी घडवत नाही. आधी नीट बघू द्या. आजी म्हणाल्या, "बघू दे रे त्यांना."

कुलूप तळहाताएवढं, लोखंडी, काळं पडलेलं. चिंधीनं पुसलं तशा सांध्यांत पिवळ्या रेघा दिसल्या. जाड पत्रे पितळेनं झाळून जोडलेले होते. छाप नाही, नंबर नाही, सगळं हातचं काम.

समोर किल्लीचं भोक होतं, त्यात आधी कोणीतरी भरपूर तेल ओतलेलं. नेहमीच्या लिव्हरच्या कुलपात किल्लीचा एकेक दात एकेक पट्टी ठरलेल्या उंचीला उचलतो. कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने 1778 साली पेटंट घेतलेली ही युक्ती आजही चालते. तशा पट्ट्या असतील तर तारेला लागतात, किंचित दबतात. इथे तार जरा आत गेली आणि थेट लोखंडावर थडकली. भोक दिखाऊ होतं, चोराला गुंतवून ठेवण्यासाठी केलेलं.

मग एकेक रिव्हेट अंगठ्यानं दाबून पाहिलं. बाजूच्या पट्टीवरचं एक हललं. रॉकेल सोडून थोडा वेळ थांबलो, पट्टी सरकली आणि खाली खरं भोक निघालं. अगदी गोल, दाताला जायला चीर नाही. म्हणजे किल्ली दातांची नव्हेच, आट्यांची, स्क्रूसारख्या वळशांची!

या कुलपाची रचना मला फार आवडते. आत आडवा बोल्ट, म्हणजे सरकता दांडा असतो, स्प्रिंग त्याला कडीच्या खाचेत दाबून धरते. बोल्टच्या मागच्या टोकाला आटे पाडलेलं भोक. किल्ली म्हणजे आट्यांची दांडी, पण तिला गळ्याशी एक कॉलर असते. किल्ली फिरवत गेलं की कॉलर कुलपाच्या अंगाला टेकते आणि किल्ली आणखी आत जाऊ शकत नाही. बोल्ट चौकोनी गाळ्यात बसवलेला, त्यामुळे त्यालाही फिरता येत नाही. मग पुढे फिरवाल तसा तोच किल्लीकडे ओढला जातो, खाच सुटते, कडी मोकळी होते.

आटे कसे आहेत ते कळायला मऊ लाकडाची काडी तासून भोकात दाबली आणि फिरवून बाहेर काढली. भिंगाखाली धरली तर वळसे उलट्या दिशेला चढत होते. डावे आटे! उजवीकडे फिरवणाऱ्याच्या हाती हे कुलूप कधीच लागलं नसतं. बाजारातल्या आटे पाडायच्या डायशी आट्यांचं अंतर जुळेना, म्हणून पितळी सळई व्हाइसमध्ये धरून तिकोनी कानशीनं काडीबरहुकूम आटे पाडले. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. आजी बाकावरून हलल्या नाहीत.

किल्ली डावीकडे फिरवली. आधी सैल, मग कॉलर टेकली, मग स्प्रिंगचा जोर बोटांना जाणवला. आणखी दीड फेरा, आणि कडी वर आली.

पेटाऱ्यात कागद होतेच. त्यांच्याखाली एका पुरचुंडीत लोखंडी किल्ली निघाली, डाव्या आट्यांची, माझ्या किल्लीपेक्षा जाड कॉलरची. मी बोल्टचं टोक पाहिलं, ते तिरकं घासलेलं होतं. कडी दाबली की बोल्ट आपोआप मागे सरून खाचेत बसतो, कुलूप लावायला किल्ली लागतच नाही. आत किल्ली राहून कोणीतरी कडी दाबली असणार. आजी म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या, किल्ली चोरीला गेली."

जुनी किल्ली लावून पाहिली, माझ्यापेक्षा सफाईनं फिरली. तेल धुऊन काढलं, ग्रॅफाइटची पूड सोडली आणि दोन्ही किल्ल्या नातवाच्या हातात दिल्या. एक दुसऱ्या घरी ठेवा, म्हटलं.