पकडलेला सेनापती आणि फासावर गेलेला किल्लेदार

अमेरिकेचा इतिहास आपल्याकडे शाळेत शिकवतात तेव्हा तो बोस्टनच्या चहापासून निघून १७७६च्या जाहीरनाम्यापाशी थांबतो आणि पुढे एकदम अब्राहम लिंकन समोर येतो. या दोहोंच्या मधे, १८१२ ते १८१५ या काळात, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात दुसरे युद्ध झाले. कॅनडाच्या सीमेवर, मोठ्या सरोवरांत आणि खुल्या समुद्रात ते लढले गेले आणि त्यात अमेरिकेची राजधानीही जळाली, पण त्याची दखल आपल्या पुस्तकांत फारशी घेतलेली नसते. नाशिक आणि खानदेशातल्या वाचकाने या युद्धाकडे मुद्दाम पाहावे असे मला फार मनापासून वाटते. त्या युद्धात कैद झालेला एक इंग्रज सेनापती पुढे पाच वर्षांनी फौज घेऊन आपल्याच मुलखात उतरला आणि थाळनेरला त्याने जे केले, त्याचा न्याय करायचा तर तो स्वतः कैदी असताना त्याच्याशी कोण कसे वागले होते, हे आधी माहीत असावे लागते.

युद्धाची कारणे समुद्रावरची होती आणि जमिनीवरचीही. ब्रिटन तेव्हा नेपोलियनशी झुंजत होते. शत्रूच्या बंदरांशी इतरांनी व्यापार करू नये म्हणून त्यांनी १८०७ पासून तटस्थ देशांच्या जहाजांवर कडक निर्बंध घातले आणि आपल्या आरमाराला खलाशी कमी पडत म्हणून अमेरिकन जहाजे अडवून त्यांवरची माणसे बळजबरीने उचलून नेली. पळून गेलेले इंग्रज खलाशी शोधतो आहोत असे ते सांगत, परंतु त्या धरपकडीत हजारो अमेरिकन नागरिकही सापडले. जमिनीवर पश्चिमेकडे सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतकारांना मूळ रहिवाशांचा विरोध होता. शॉनी जमातीचा पुढारी टेकुम्सेह अनेक जमातींना एकत्र आणत होता आणि त्याला कॅनडातल्या इंग्रजांचे पाठबळ मिळत असे. कॅनडा सहज जिंकता येईल असे मानणारे तरुण प्रतिनिधी अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जोरात होते. अखेर अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या सहीने १८ जून १८१२ रोजी युद्ध पुकारले गेले. ज्या व्यापारी निर्बंधांवरून एवढा संताप होता ते मागे घेण्याचा निर्णय त्याच आठवड्यात लंडनमध्ये होत होता, पण बातमी अटलांटिक ओलांडून येण्यास कित्येक आठवडे लागत. बातमीचा हा उशीर या युद्धाला शेवटपर्यंत चिकटून राहिला.

जमिनीवर पहिल्याच वर्षी अमेरिकेची नाचक्की झाली. जनरल हल याने ऑगस्टमध्ये डेट्रॉइट जवळजवळ न लढताच इंग्रजांच्या हवाली केले. समुद्रावर मात्र कोणी कल्पिले नव्हते ते घडले. अमेरिकेच्या आरमारात वीसदेखील लढाऊ जहाजे नव्हती आणि समोर पाचशेहून अधिक जहाजे बाळगणारे ब्रिटिश आरमार होते. तरीही अमेरिकेची मोजकी मोठी फ्रिगेट जहाजे, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धजहाजे, इतकी भक्कम बांधलेली होती की एकास एक अशा झुंजीत इंग्रज फ्रिगेट त्यांच्यापुढे टिकेनात. त्यांतले सर्वांत नावाजलेले जहाज म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशन’. त्याने १९ ऑगस्ट १८१२ रोजी ‘गेरियेर’ हे इंग्रज फ्रिगेट निकामी केले आणि वर्ष संपताना ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी दुसरी शिकार केली. आपला संबंध या दुसऱ्या झुंजीशी आहे.

त्या इंग्रज जहाजाचे नाव ‘जावा’. ते मूळचे फ्रेंच जहाज, १८११ मध्ये मादागास्करपाशी इंग्रजांनी जिंकून घेतलेले. नोव्हेंबर १८१२ मध्ये ते इंग्लंडहून निघाले ते मुंबईला येण्यासाठी. त्यावर लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होता, ज्याची मुंबईच्या फौजेचा सरसेनापती म्हणून नेमणूक झाली होती. त्याच जहाजात मुंबईच्या गोदीसाठी तांब्याचे पत्रे होते. लाकडी जहाजाच्या तळाला समुद्रातली कीड लागू नये म्हणून हे पत्रे ठोकत, आणि ते ‘कॉर्नवॉलिस’ या मुंबईत बांधल्या जाणाऱ्या मोठ्या युद्धनौकेसाठी पाठवले होते. शिवाय मुंबईत बांधायच्या आणखी एका फ्रिगेटचे आराखडेही त्यावर होते.

२९ डिसेंबर १८१२ रोजी ‘कॉन्स्टिट्यूशन’चा कप्तान विल्यम बेनब्रिज आणि ‘जावा’चा कप्तान हेन्री लॅम्बर्ट समोरासमोर आले. ‘जावा’ चालीला जलद होते आणि सुरुवातीला त्याने चांगलाच मारा केला. ‘कॉन्स्टिट्यूशन’चे सुकाणूचक्र उडाले, बेनब्रिज स्वतः दोनदा जखमी झाला, परंतु त्याने दोरखंडांच्या साहाय्याने खालच्या मजल्यावरून जहाज वळवण्याची व्यवस्था केली आणि लढाई हातची जाऊ दिली नाही. काही तासांत ‘जावा’च्या डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या आणि लॅम्बर्ट छातीत गोळी लागून पडला. जहाजाने निशाण उतरवून शरणागती पत्करली तेव्हा ते बंदरापर्यंत ओढून नेण्याच्याही लायकीचे राहिलेले नव्हते. त्यावरचे सुकाणूचक्र काढून बेनब्रिजने आपल्या जहाजाला बसवले आणि ‘जावा’ जाळून टाकले. ब्रिटिश आरमार खात्याने पुढच्या वर्षी, जुलै १८१३ मध्ये, असा हुकूम काढला की इंग्रज फ्रिगेटने या मोठ्या अमेरिकन फ्रिगेटांशी एकट्याने झुंजू नये. समुद्राचा मालक म्हणवणाऱ्या आरमाराला असा हुकूम काढावा लागला, यातच या झुंजींचे वजन कळते.

हिस्लॉप आणि इतर कैद्यांना ब्राझीलमधल्या साल्वादोर बंदरात उतरवले गेले. जखमी लॅम्बर्ट तिथेच काही दिवसांनी मरण पावला. बाकीच्यांना, रीतसर अदलाबदल होईपर्यंत पुन्हा शस्त्र धरणार नाही, एवढ्या वचनावर मोकळे करण्यात आले. हिस्लॉपवर कोणी खटला चालवला नाही की त्याला साखळदंडात ठेवले नाही. शरण आलेल्या शत्रूचा जीव आणि मान राखायचा, हा त्या काळच्या युरोपीय युद्धाचा दंडक होता आणि बेनब्रिजने तो पाळला. हिस्लॉप इंग्लंडला परतला आणि १८१४ मध्ये त्याची मद्रासचा सरसेनापती म्हणून नव्याने नेमणूक झाली.

‘जावा’बरोबर बुडालेले तांबे आणि आराखडे यांनी मुंबईचे काम लांबवले, पण थांबवले नाही. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानी ‘कॉर्नवॉलिस’ मे १८१३ मध्ये पाण्यात सोडले. ज्या फ्रिगेटचे आराखडे बुडाले त्याला मात्र वर्षे लागली. ते ‘ट्रिंकोमाली’ या नावाने १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत जलावतरित झाले आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. या गोदीविषयी आपल्याकडे एक गोष्ट वारंवार फिरत असते की अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिले गेले. ती ऐकायला गोड वाटते, पण तिला आधार नाही. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावरचा भडिमार पाहताना ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की हा कैद्याच्या सुटकेसाठी आलेल्या अमेरिकन जहाजावर होता. वाडियांच्या कारागिरांना असल्या उसन्या मानाची गरजही नाही, कारण ‘कॉर्नवॉलिस’ने या युद्धात खराखुरा भाग घेतला. एप्रिल १८१५ च्या अखेरीस त्याने ‘हॉर्नेट’ या अमेरिकन जहाजाचा असा पाठलाग केला की जहाज हलके करण्यासाठी कप्तान बिडल याला आपल्या जवळजवळ सर्व तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या, आणि तेव्हा कुठे ‘हॉर्नेट’ निसटले. ‘जावा’ बुडाले त्या मोहिमेत हेच ‘हॉर्नेट’ बेनब्रिजच्या ताफ्यात होते.

मधल्या दोन वर्षांचा वृत्तांत मी थोडक्यात देतो. १८१३ मध्ये अमेरिकन आरमारी अधिकारी पेरी याने ईरी सरोवरावर इंग्रज ताफा जिंकला आणि त्यानंतर महिन्याभरात टेम्स नदीवरच्या लढाईत टेकुम्सेह मारला गेला. अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, येथील सरकारी इमारती जाळल्या होत्या. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून अध्यक्षांचे निवासस्थान आणि काँग्रेसची इमारत पेटवली. तोवर नेपोलियन पदच्युत झाला होता आणि ब्रिटनचे अनुभवी सैन्य मोकळे झाले होते, त्यामुळे अमेरिकेला कायमचे नमवावे असे लंडनमध्ये अनेकांना वाटू लागले.

तेव्हा ब्रिटिश मंत्रिमंडळाने ज्याचा सल्ला घेतला तो आपल्या चांगल्या परिचयाचा माणूस आहे. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता. अमेरिकेत जाऊन सूत्रे हाती घ्यावीत असे त्याला सुचवण्यात आले. जायला सांगाल तर जाईन, असे त्याने कळवले. मात्र तिथे उणीव आहे ती सेनापतीची वा सैन्याची नसून सरोवरांवरच्या आरमारी वर्चस्वाची आहे, आणि ते नसताना तहात अमेरिकेकडून मुलूख मागण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. सप्टेंबरात शँप्लेन सरोवरावर इंग्रजांचा ताफा हरला होता, त्याचा हा अचूक अर्थ होता. माझ्या मते हे युद्ध संपवण्यात त्या पत्राचा वाटा कोणत्याही लढाईपेक्षा कमी नाही. २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जियममधल्या घेंट शहरात तह झाला आणि दोन्ही बाजूंनी युद्धापूर्वीच्या सीमा मान्य केल्या. खलाशांच्या धरपकडीविषयी तहात एक अक्षरही नव्हते. मूळ रहिवाशांना १८११ मधले हक्क परत देण्याचे कलम मात्र होते आणि ते पाळले गेले नाही. सर्वांत मोठी हार झाली ती त्यांची.

तहाची वार्ता पोहोचण्यापूर्वी, ८ जानेवारी १८१५ रोजी, न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सनच्या मातीच्या तटबंदीवर इंग्रज सैन्य चालून गेले. सुमारे दोन हजार इंग्रज मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, तर अमेरिकनांची हानी अगदी थोडी होती. मेलेल्यांत इंग्रज सेनापती पॅकनहॅम होता, जो वेलिंग्टनचा मेहुणा. शेवटची आरमारी चकमक तर ३० जून १८१५ रोजी सुंदा सामुद्रधुनीत झाली आणि तीत मुंबईचे जहाज होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचे, म्हणजे बॉम्बे मरीनचे, ‘नॉटिलस’ हे छोटे जहाज अमेरिकेच्या ‘पीकॉक’ला भेटले. तह झाला आहे असे ‘नॉटिलस’चा लेफ्टनंट बॉइस सांगत होता, कप्तान वॉरिंग्टन त्यावर विश्वास ठेवेना आणि निशाण उतरवण्याचा आग्रह धरून बसला. बॉइसने नकार दिला आणि तोफा चालल्या. बॉइस भयंकर जखमी झाला आणि मृतांमध्ये हिंदी खलाशीही होते. कागदपत्रे पाहून वॉरिंग्टनने दुसऱ्या दिवशी जहाज सोडून दिले. सहा महिन्यांपूर्वी मिटलेल्या, आणि ज्याच्याशी त्यांचे काडीचेही देणेघेणे नव्हते अशा भांडणात हे खलाशी प्राणाला मुकले, हे वाचताना मन विषण्ण होते.

आता हिस्लॉपकडे वळतो. १८१७ मध्ये तो दख्खनच्या फौजेचा सेनापती होता. २१ डिसेंबरला त्याने महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव केला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा सारा मुलूख इंग्रजांकडे गेला. आपल्या मुलखातली होळकरांची ठाणी तेव्हा एका सहीने परकी झाली, पण त्या ठाण्यांतल्या माणसांनी ती सही मनाने स्वीकारली होती असे नाही. हिस्लॉप सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला आणि २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेरपाशी आला. किल्ल्यातून तोफा झाल्या. तह झाला असल्याने हा किल्ला आता आमचा आहे आणि प्रतिकार केलात तर बंडखोर समजू, असा निरोप त्याने पाठवला आणि मग तोफा डागल्या. बाहेरच्या दरवाजांतून इंग्रज आत शिरल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर आले आणि स्वाधीन झाले. पुढे आतल्या दरवाजापाशी शिबंदीतल्या अरबांशी बोलणे चालू असताना गोंधळ उडाला, दिंडीतून, म्हणजे दरवाजातल्या लहान दारातून, आत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर हल्ला झाला आणि त्यांत मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. चिडलेल्या सैन्याने आतल्या सुमारे ३०० जणांची कत्तल केली. त्या हल्ल्यापूर्वीच कैदेत असलेल्या किल्लेदारांना हिस्लॉपने त्याच दिवशी फाशी दिली.

आपल्याकडच्या लिखाणात हा प्रसंग शूर शिबंदीची कथा म्हणून येतो आणि ते योग्यच आहे. पण साल्वादोरची हकिकत माहीत झाल्यापासून मला तो त्याहून अधिक अस्वस्थ करतो. हल्ला झाला तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्या ताब्यात होते, त्यामुळे त्या हल्ल्याची शिक्षा त्यांना देता येत नाही. उरला तो प्रतिकाराचा आरोप, आणि जुन्या धन्याचा किल्ला राखणे हा किल्लेदाराचा धर्मच असतो. ज्या हिस्लॉपने आपल्या आयुष्यात शरणागताला मिळणारे संरक्षण प्रत्यक्ष उपभोगले होते, त्याने ते थाळनेरच्या शरणागताला नाकारले. बेनब्रिजचे वागणे त्याच्या विसरण्यात गेले असेल असे मला वाटत नाही. ते दंडक गोऱ्यांनी गोऱ्यांशी पाळायचे असतात, इथल्या किल्लेदाराला ते लागू होत नाहीत, असेच त्याने धरले होते. चांदवडचा किल्लाही त्याच वर्षी हिस्लॉपच्या स्वाधीन झाला.

या फाशीवर खुद्द इंग्लंडमध्ये टीका झाली. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटपुढे या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव आला तेव्हा हिस्लॉपचे आभार मानताना थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीला ते आभार लागू नाहीत, असे मुद्दाम नमूद करावे लागले. हिस्लॉपवर कारवाई मात्र कोणतीही झाली नाही.