मैनाची लीद

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पहिला प्रश्न उंचीचा, आणि तोही इंचात. आमची घोडी मैना ५६ इंच. शेजारच्या दावणीला मारवाडी घोडे, त्यातला एक ६४ इंची, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, गळ्यात घुंगरं. त्याचा मालक मैनाकडे बघून म्हणाला, "ताई, हे तट्टू कितीला?"

विकायची नव्हतीच. चालीच्या स्पर्धेत उतरवायची होती. मैना रेवाल, म्हणजे धक्के न देणारी जलद चाल, चालायला लागली की पाठीवरच्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. अण्णांनी खरंच पिऊन दाखवलाय. (कप अर्धाच होता, ते सोडा.)

चूक माझीच. अंगावर तकाकी यावी म्हणून आठ दिवस आधीपासून भिजवलेले चणे दुप्पट केले, वर गूळ. घरून आणलेला ज्वारीचा कडबा तिसऱ्या दिवशी संपला, म्हणून जत्रेत गव्हाचं भूस घेतलं. घोड्याचा चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस जुन्यात नवा मिसळत जायचं, हे मी दुसऱ्यांना सांगत असते. त्यात दत्तजयंतीची, तापीकाठची थंडी. बादलीतल्या गार पाण्याला मैना नुसतं नाक लावायची.

स्पर्धेच्या आदल्या रात्री दहाला तिने तोबरा नाकारला. मग पुढच्या पायाने जमीन उकरणं, मान वळवून कुशीकडे बघणं. मग बसली आणि लोळायला लागली. पोटशूळ.

दहा मिनिटांत दावणीभोवती गर्दी. कुणीतरी ओवा, हिंग आणि तेल कालवून बांबूची नळी घेऊन आला, मनाने चांगलाच माणूस. तोवर मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला होता. ते ओरडलेच. "तोंडातून काही ओतू नका! फुप्फुसात गेलं तर घोडी हातची जाईल. कुशीला कान लावा, काय ऐकू येतं सांगा."

एरवी घोड्याच्या पोटाला कान लावला की लांबवर ढग गडगडल्यासारखं सतत काहीतरी चालू असतं. डावीकडे मधूनच एखादी गुडगुड. उजवीकडे काहीच नाही. ती शांतता मला अजून आठवते. जबड्याखालची नाडी मिनिटाला ६०; निरोगी घोड्याची २८ ते ४४ असते. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. अण्णा मोठ्याने आकडे मोजत होते, तीनपर्यंत गेले.

डॉक्टर साडेबाराला पोचले. आधी वेदनेचं इंजेक्शन, मग नाकातून जठरापर्यंत नळी. घोड्याला उलटी करताच येत नाही. तुंबलेलं वर आलं की जठरातच साठतं, आणि ते फुटूही शकतं. म्हणून आधी काही उलट येतंय का ते पाहिलं. आलं नाही. मग त्याच नळीतून पाणी आणि लिक्विड पॅराफिन. "लीद पडेपर्यंत चाऱ्याची काडीही नाही," एवढं बजावून ते घोंगडी पांघरून टेम्पोत बसून राहिले.

आम्ही तिला दहा मिनिटं फिरवायचो, थांबायचो, पुन्हा फिरवायचो. माझ्या चपलेचा पट्टा तुटला, मग अण्णांचे बूट घालून फिरले.

पाच चाळीसला मैनाने शेपूट उचललं. चार-पाच गोळे, कडक, वर शेंबडासारखा चिकट थर. अण्णांनी त्यातला एक हातात घेऊन फोडला. आत चण्याची सालं होती. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे फक्त बघितलं.

सकाळी स्पर्धेचा पुकारा झाला, तेव्हा मैना उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. आमचं नाव दोनदा पुकारलं. शेजारचा ६४ इंचवाला आपला घोडा सजवायचा सोडून आला. "लीद व्हयनी का वं ताई?"

"व्हयनी," मी म्हटलं.

तो गेला आणि आपल्या चुलीवरचं कोमट पाणी बादलीत घेऊन आला. मैनाने निम्मं प्यायलं आणि उरलेलं त्याच्या नव्या जोड्यावर सांडलं.