लेकरांना घेऊन अंदमानात उतरताना

सोलापूरहून अंदमानला जायचं म्हटलं की जो तो आधी विमानाचं भाडं विचारतो. लहान मुलं बरोबर असतील तर आधी बघायचं ते विमान तिथं किती वाजता टेकतं ते. पोर्ट ब्लेअरला नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. घड्याळ मात्र तेच. दुपारी दोनला उतरलात तर सामान, टॅक्सी, हॉटेल उरकेपर्यंत उजेड संपत आलेला असतो, आणि ‘समुद्र कुठंय?’ म्हणून सकाळपासून कान खाणारी पोरं भोकाड पसरतात. सकाळचंच विमान घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. आम्ही दोघं, सासूबाई, पाच वर्षांची थोरली आणि दीड वर्षाचा धाकटा. सोलापुरातून तिकडं थेट विमान नाही, म्हणून गाडीनं हैदराबाद गाठलं. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा रस्ता. पाटणचेरूपाशी आउटर रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळापाशी निघता येतं. रात्रभर गाडी हाणून पहाटेचं विमान धरायचा बेत बरेच जण करतात. मुलांसोबत नकोच. आदली रात्र शमशाबादजवळ काढा. रेल्वेनंच जायचं असेल तर आपलं स्टेशन मुंबई-चेन्नई मार्गावर आहे, चेन्नईहूनही विमानं आहेत.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, पण वयाचा पुरावा लागतो. जन्मदाखल्याची प्रत हाताशी ठेवा. परतीच्या तारखेआधी दोन वर्षं पूर्ण होत असतील तर येतानाचं तिकीट सीटसकट काढावं लागतं, हे बुकिंग करतानाच बघून घ्या. शेंगाचटणी मोठ्या बॅगेत टाका, तिखट पूड हातातल्या सामानात सोडत नाहीत. कडक भाकरी मात्र जवळच ठेवा. विमानात मिळणारं सँडविच धाकट्यानं हुंगून बाजूला सारलं आणि भाकरीचा तुकडा धरून तासभर कुरतडत बसला. आजूबाजूच्या सीटांवर चुरा झाला, तेवढं चालायचंच.

हैदराबादहून सव्वादोन-अडीच तास लागतात. खाली येताना कान दडतात आणि रडारड तिथंच सुरू होते. ‘आता उतरतोय’ अशी घोषणा झाल्यावर बाटली शोधू नका, विमान उतरू लागतंय असं वाटताच पाजायला घ्या. थोरलीला श्रीखंडाची गोळी दिली होती, ती चघळत खिडकीला नाक लावून बसली. ढगांच्या खाली आलं की गर्द हिरवी बेटं आणि त्यांच्या कडेनं फिकट निळं पाणी दिसतं. त्या दहा मिनिटांसाठी खिडकीची सीट मुलांनाच द्या.

वीर सावरकर विमानतळाची नवी इमारत जुलै 2023 मध्ये सुरू झाली, बाहेरून शिंपल्यासारखी. सामानाचे पट्टे चारच, त्यामुळे शोधाशोध नाही. भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. बाहेर पडायची घाई मात्र करू नका. बाथरूम, डायपर, विमानातल्या गारठ्यासाठी घातलेले स्वेटर काढणं, सगळं आतच उरका. दार ओलांडल्याबरोबर सासूबाईंचा चष्मा असा धुरकटला की त्या जागीच थबकल्या. आपला उन्हाळा कोरडा, त्यात घाम वाळून तरी जातो. इथं तो अंगावरच राहतो, आणि मुलं मिनिटाभरात चिडचिडी होतात. सुती कपड्यांचा एक जोड वरच्याच बॅगेत असू द्या.

विमानतळ गावाला लागूनच आहे, गावातला मुख्य अबर्डीन बाजार तीन-चार किलोमीटरवर. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवरून पावती घ्या. मुलांसाठी वेगळी सीट टॅक्सीत मिळेल या भरवशावर राहू नका. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजय पुरम झालंय, बुकिंगवर काहीही लिहिलेलं असलं तरी गाव तेच.

आता मुख्य भांडण. आमच्या टूरवाल्यानं पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल, समुद्रकिनारा आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, सगळं कोंबलं होतं. काही जण तर उतरल्या उतरल्या हॅवलॉकची, म्हणजे स्वराज द्वीपची बोट गाठायला लावतात. बोटीला दीड ते अडीच तास लागतात, समुद्र हलता असला तर मुलं ओकतात, आणि विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही. पावसाळी हवेत विमान उतरू न शकल्यानं माघारी फिरल्याचेही प्रकार इथं होतात. सासूबाईंनी फोनवरच त्याला सुनावलं, “अहो, आधी लेकरांच्या पोटाचं बघा. सावरकरांची कोठडी कुठं पळून जात नाही.” जेल दुसऱ्या दिवशी ठेवलं. ते कधी बंद असतं, तेवढं आधी विचारून ठेवा.

पहिल्या दिवशी वरण-भात, झोप, आणि साडेतीनला कॉर्बिन्स कोव्हचा किनारा. बस्स. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचलाच खोलीत लख्ख उजेड आणि पोरं टुणकन उठलेली. त्यामुळे जेल उघडायची वेळ होईपर्यंत नाश्ता, अंघोळी सगळं आटोपलेलं होतं.

वाळूत बारीक माश्या चावतात, विशेषतः हॅवलॉकला. डासांचं मलम सोलापुरातूनच न्या. आणि मुलं दिसेल तो शंख, पोवळ्याचा तुकडा खिशात घालतात. पोवळी उचलून आणायला कायद्यानं बंदी आहे आणि परतीच्या तपासणीत बॅग उघडायला लावतात. निघायच्या आदल्या रात्री चड्ड्यांचे खिसे, बुटांची टोकं आणि वाळूत खेळायची बादली, सगळं झटकून बघा. आमच्या थोरलीनं तर सासूबाईंच्या पर्समध्येही भरून ठेवले होते.