माप लहान, वजन जड

आज बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय, वचनं ४ ते ६. इथे संदेष्टा थेट धान्याच्या दुकानात शिरतो. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, आणि चंद्रदर्शनाचा सण कधी एकदा उरकतो, अशी व्यापाऱ्यांची घाई चालली आहे. सण ते पाळतात, पण एफा लहान करतात आणि शेकेल मोठा.

ही लबाडी नीट समजून घ्यायला हवी. इ. स. पूर्व आठव्या शतकात इस्राएलात नाणी नव्हती, चांदी तोलून द्यायची. एफा म्हणजे साधारण २२ लिटरचं धान्याचं माप, शेकेल म्हणजे साधारण ११ ग्रॅमचं दगडी वजन. माप एक दशांश कमी आणि वजन एक दशांश जास्त ठेवलं, तर गिऱ्हाइकाला तेच धान्य सुमारे २२ टक्के महाग पडतं. दोन्ही फरक डोळ्यांना जाणवतही नाहीत. वर गव्हात भुसकट मिसळलेलं. मग गरीब कर्ज काढतो, अंगरखा गहाण टाकतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातला नियम स्पष्ट आहे : गहाण घेतलेलं पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करायचं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. आमोस २:८ मध्ये तेच कपडे वेदीशेजारी अंथरून लोक पडलेले दिसतात. दाद मागायची ती नगराच्या वेशीत, आणि तिथे लाच चालते. शेवटी जोडाभर वहाणांपायी माणूस विकला जातो.

हे सगळं भरभराटीच्या काळात चाललं होतं. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम यानं राज्याच्या सीमा परत मिळवल्या होत्या, श्रीमंतांच्या घरी हस्तिदंती पलंग होते. इस्राएलची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात हस्तिदंताचे नक्षीदार तुकडे सापडलेही आहेत. सुबत्ता म्हणजे देवाची पसंती, असं लोकांनी धरलं. विश्वासणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत इथेच होते असं मला वाटतं. इ. स. पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतलं.

पहिले दोन अध्याय एका बैठकीत, मोठ्यानं वाचावेत. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब... शत्रूंची नावं येत राहतात आणि ऐकणारा माना डोलावत राहतो. मग दक्षिणेचं भावकीतलं राज्य यहूदा, आणि शेवटी खुद्द इस्राएल. मध्येच थांबलं तर हा न्याय नेहमी दुसऱ्याचाच वाटतो. मवाबाचा अपराध तर फार विचार करायला लावतो : त्यानं अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. दोन्ही राष्ट्रं परकी, इस्राएलचं यात काहीच नुकसान नाही, तरी देव जाब विचारतो. आणि ३:२ मध्ये इस्राएलचं देवानं निवडलेपण हेच शिक्षेचं कारण ठरतं.

५:२४ आपल्याकडे पुष्कळ ऐकू येतं, न्याय पाण्यासारखा वाहू दे. ते २१ ते २३ सोडून वाचू नये. तिथे देव सण, अर्पणं आणि गाणीसुद्धा नाकारतो.

उद्यासाठी सातवा अध्याय. पहिल्या दृष्टान्तात टोळधाड येते ती राजासाठीची कापणी झाल्यावर, म्हणजे राजाचा वाटा आधीच निघून गेलेला आणि मागून उगवणारं पीक जाणार. आमोस गयावया करतो, याकोब (म्हणजे इस्राएल) लहान आहे, कसा टिकेल? देव थांबतो. अग्नीच्या दृष्टान्तातही थांबतो. तिसऱ्या, ओळंब्याच्या दृष्टान्तात मात्र आमोस विनवणी करत नाही.